सेल्फ घेत नाही

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ही तक्रार गॅरेजात वरचेवर येते. "मिस्त्री, बॅटरी चांगली हाय, पण सेल्फ घेत नाही." मी हातातला पाना खाली ठेवायच्या आत पुढचं वाक्य येतं, "डायरेक्ट करून द्या, कारखान्यावर नंबर लागलाय." म्हणणाऱ्याची घाई खोटी नसते. ट्रॅक्टरच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या रानात उभ्या असतात आणि ऊस वाळत असतो. तरीही डायरेक्ट करून द्यायला मी तयार होत नाही. कितीतरी वेळा ती गाडी बिघडलेलीच नसते. चालू व्हायला नकार देणं हे तिच्यातल्या एका छोट्या स्विचचं काम असतं आणि तो ते करत असतो.

चावी फिरवली की बॅटरीची वीज थेट सेल्फच्या मोटारीत जात नाही. आधी एक बारीक वायर सोलेनॉइडला जागं करते, मग सोलेनॉइड आतला जाड संपर्क जुळवतो आणि जाड केबलमधून दोनशे-तीनशे अँपिअर मोटारीकडं धावतात. त्या बारीक वायरीच्या वाटेवर, बहुधा गिअरबॉक्सच्या झाकणात, आमचा न्यूट्रल स्विच बसलेला असतो. बोटाच्या पेराएवढा, टोकाला एक गोळी. गिअर न्यूट्रलला असला तरच ती गोळी दाबली जाते आणि वायर जोडली जाते. गिअर पडलेला असेल, तर तुम्ही चावी कितीही फिरवा, सोलेनॉइडपर्यंत काही पोचत नाही.

डायरेक्ट करणारा माणूस नेमकी हीच वाट टाळतो. खाली उभा राहून सोलेनॉइडच्या खिळ्यांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा धरतो, ठिणगी उडते आणि सेल्फ फिरतो. आता तो कुठं उभा आहे, ते पाहा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये, मागच्या मोठ्या टायरच्या तोंडासमोर. इंजिन डिझेलचं. त्याला पेट्रोल इंजिनासारखी प्लगची ठिणगी लागत नाही, त्यामुळं जुन्या गाडीत चावी बंद असली म्हणून ते चालू व्हायचं थांबत नाही. स्टॉपची केबल आत ढकललेली असली की पंप डिझेल देतो आणि इंजिन पेटतं. गिअर पडलेला असेल तर गाडी त्याच क्षणी पुढं येते. मागं सरायला त्या माणसाला जागाही नसते, वेळही नसतो. लोकांना वाटतं, चाक अंगावर चढताना इंजिन दबेल, बंद पडेल. तसं होत नाही. ओझं वाढलं की गव्हर्नर आपणहून डिझेल वाढवतो. नांगराला कठीण ढेकूळ लागल्यावर तो जे करतो, तेच तो माणसाच्या बाबतीतही करतो. मला हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण हे नीट कळल्याशिवाय त्या स्विचची किंमत कळत नाही.

आणि गाडी गिअरमध्ये का असते? आपल्याकडं ती मुद्दाम गिअरमध्ये ठेवतात म्हणून. ब्रेक झिजलेले, ब्रेकचं लॉक धरत नाही, अंगण उताराचं. मग रात्री पहिला गिअर टाकायचा आणि चाकाला दगड लावायचा. ठेवणाऱ्याच्या लेखी ही काळजीच असते. सकाळी मात्र गाडी काढणारा दुसराच असतो: भाऊ, पोरगा, नवा ड्रायव्हर. रात्रीचा गिअर त्याला माहीत नसतो. गिअरमध्ये ठेवायची सवय आणि खालून शॉर्ट मारायची सवय, या दोन्ही एकेकट्या बरीच वर्षं निभावतात. त्या एकाच सकाळी एकत्र आल्या की निभाव लागत नाही. त्यांच्या मध्ये उभा असतो तो एवढासा स्विच.

ही अक्कल आजची नाही. हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ साली इंग्लंडात कोव्हेंट्रीला बनू लागला आणि दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त निघाले. त्याला चालू करायला वेगळं बटणच नव्हतं. गिअरचा दांडाच 'एस' लिहिलेल्या खाचेत नेला की सेल्फ फिरायचा, आणि दांडा तिथं असताना कुठलाही गिअर पडलेला असणं शक्यच नव्हतं. एकच दांडा एका वेळी दोन जागी असू शकत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर सगळी सुरक्षा उभी होती. मला आमच्या धंद्यातली ही सगळ्यात सुंदर रचना वाटते. पुढं मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये हाय-लोच्या दांड्याला मधे 'एस' आला.

सेल्फ घेत नसेल तेव्हा मी आधी बॅटरीची टोकं आणि अर्थची पट्टी घासून घेतो. बराचसा आजार तिथंच निघतो. नाही निघाला, तर चाकांना ओट लावून, गाडी न्यूट्रलला आणून, सोलेनॉइडची बारीक वायर काढतो आणि तिच्या टोकाला टेस्ट लॅम्प जोडतो. एकजण सीटवर बसून चावी धरतो. दिवा लागला नाही की मागं मागं जायचं: स्विचच्या पुढं, स्विचच्या मागं, चावीपाशी. चावी धरून दांडा थोडा हलवल्यावर दिवा मधेच लुकलुकला, तर स्विच गेलेला नसतो, गोळी पुरती दाबली जात नसते. बऱ्याचदा कुणीतरी झाकण उघडून परत बसवताना स्विचखालची पातळ वॉशर हरवलेली असते किंवा दोन घातलेल्या असतात. कधी तेल झिरपून संपर्क चिकटतात, कधी उंदरानं वायर कुरतडलेली असते. या कामाला वेळ लागतो, पण डायरेक्टची वायर ओढायला लागतो त्याहून फार नाही.

काम झाल्यावरची तपासणी मी कुणाला सोडू देत नाही. स्टॉप ओढून धरायचा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. सीटवर बसून क्लच-ब्रेक दाबायचे आणि एकेक गिअर टाकून चावी फिरवायची. सेल्फ फिरला नाही पाहिजे. एकाही गिअरमध्ये फिरला, तर काम झालेलं नाही.

काही गाड्यांत फक्त क्लचखालचा स्विच असतो. नसण्यापेक्षा तो बरा, पण त्याला गिअरचं काही कळत नाही. पावसाळाभर उभ्या गाडीची क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. मग पेडल खाली गेलं तरी क्लच सुटलेला नसतो, आणि सेल्फसरशी गाडी चालू लागते. निदान तेव्हा माणूस सीटवर असतो, पाय ब्रेकवर असतो. म्हणून त्याचंही मोल आहे. ज्या जुन्या मॉडेलला काहीच नाही, तिला मी पेडलखाली असा स्विच बसवून बारीक वायर त्यातून नेतो आणि सोलेनॉइडच्या खिळ्यांवर रबराचं जाड टोपण चढवतो, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर सहज पोचत नाही.

जुना ट्रॅक्टर घ्यायला जाणारे मला सोबत नेतात, तेव्हा मी टायर आणि धूर बघायच्या आधी सोलेनॉइडकडं वाकतो. खिळ्यांच्या टोकांवर जळल्याचे काळे चट्टे आणि वितळलेले आटे दिसले, की गाडी वर्षानुवर्षं खालून चालू केलेली आहे. तेवढ्यावरून सौदा मोडायची गरज नाही. भाव थोडा पाडून घ्यावा, गाडी शेतात न नेता आधी स्विच बसवायला आणावी, आणि तोवर दांडा हातानं हलवून न्यूट्रलची खात्री करून, सीटवर बसूनच चावी फिरवावी.