बाकावरचा गडी

ज्या खेळाचे नाव फुटबॉल आणि ज्यातला चेंडू बहुतेक वेळ माणसांच्या हातांत, असा खेळ पाहण्यात माझी जेवणाची वेळ टळेल, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण १ जानेवारी २०१८ च्या संध्याकाळी मुलाच्या अटलांटातल्या घरी नेमके तसेच घडले. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना येथे रोझ बाऊलचा सामना चालला होता. एका बाजूला जॉर्जिया विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला ओक्लाहोमा. माझा चौदा वर्षांचा नातू माझा गुरू झाला होता.

चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. तो छातीशी कवटाळून समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसायचे, हे ‘रनिंग बॅक’चे काम. जॉर्जियाकडे असे पहिल्या प्रतीचे दोन गडी होते, निक चब आणि सोनी मिशेल. एक आत गेला की बहुधा दुसरा बाहेर बसे.

“कोणी केव्हा खेळायचं, हे कशावरून ठरतं रे? जास्त पळेल त्याला पाठवायचं, एवढंच ना?” मी विचारले.

“तसं सोपं नसतं, आजोबा.”

मग त्याने मला शिकवले. पळणे सर्वांना दिसते, बाकीचे दिसत नाही. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर प्रतिपक्षाचा गडी चालून आला, तर रनिंग बॅकने मध्ये पडून तो धक्का आपल्या अंगावर घ्यायचा. हे ज्याला जमत नाही तो हरणासारखा चपळ असला तरी कोच त्याला अशा वेळी बाहेर ठेवतो. हातून चेंडू निसटणे हे तर महापातक! आठवडाभर सराव चालतो, त्याच्या चित्रफिती पाहून कोच प्रत्येकाचे माप घेतो. शिवाय दोघांत काम वाटले, की शेवटच्या घटकेला दोघांच्याही पायांत जोर उरतो.

“दोन जावांना स्वयंपाक वाटून द्यावा, तसंच की हे!” आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

२०१५ साली चबचा गुडघा जायबंदी झाला, तेव्हा मिशेलने त्याची जागा घेतली. पुढे चब बरा होऊन परतला. २०१६ चा हंगाम संपल्यावर दोघेही धंदेवाईक खेळाकडे जाऊ शकत होते. पण दोघेही आणखी एक वर्ष राहिले, चेंडू वाटून घ्यायला. नातवाने आणखी एक नाव सांगितले, बॅरी सँडर्स. ओक्लाहोमा स्टेटच्या संघात दोन वर्षे तो थर्मन थॉमसच्या मागे दुय्यम गडी होता. १९८८ साली जागा मोकळी झाली आणि अकरा सामन्यांत तो २,६२८ यार्ड धावला! बाकावरची जागा म्हणजे काही शेवटचा निकाल नव्हे.

इतक्यात मिशेलच्या हातून चेंडू निसटला. ओक्लाहोमाच्या गड्याने तो उचलून थेट टचडाउन केला आणि जॉर्जिया मागे पडला. “आता याला बसवणार,” मी शिक्षकी थाटात निकाल दिला. सामना संपायला मिनिटभरही उरले नसताना चबने बरोबरी साधली. जादा डाव झाले. आणि दुसऱ्या जादा डावात कोच कर्बी स्मार्टने चेंडू दिला तो मिशेललाच! सत्तावीस यार्ड धावून त्याने सामना संपवला, ५४-४८.

नातू नाचला, मग माझ्याशेजारी बसून सहज म्हणाला, “शाळेच्या टीममध्ये मी पण बाकावरच असतो.”

“का रे?”

“माझा खांदा उशिरा पडतो. कोचनं दाखवलं ना मला. म्हणून मी गादीवर प्रॅक्टिस करतो.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. चाळीस वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या शाळेत खो-खोचा संघ बसवीत असे. एक मुलगा पळण्यात सर्वांच्या पुढे. पण खो मिळण्यापूर्वीच उठायचा. तालुक्याच्या सामन्यात मी त्याला राखीव ठेवले. “सर, मी का नाही?” त्याने विचारले. “मी सांगतो म्हणून,” मी म्हणालो. तो पुन्हा मैदानावर आला नाही.

जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्याचा नंबर मिळाला होता. तिकडे सकाळ झाली होती. मी फोन लावला आणि तो दिवस आठवतो का, असे विचारले. त्याला तारीखसुद्धा आठवत होती.

“तू खो मिळायच्या आधी उठायचास रे,” मी म्हणालो.

तो क्षणभर गप्प राहिला. “तेव्हा सांगितलं असतंत सर, तर थांबायला शिकलो असतो.” मग हसून त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत नातू अंगणात गादीला खांदा देत होता. मी शाल पांघरून शेजारी खुर्ची टाकली.

“आजोबा, चुकलं तर सांगा हं!”

त्या खेळातले मला अजूनही फारसे कळत नाही. पण सांगायचे मात्र मी कबूल केले.