ज्यांच्या वाट्याला प्रकरण आले नाही

सात वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या मागोमाग घोड्यावरून निघतो. पहाटेची वेळ आहे, हवेत बोचरी थंडी आहे, आणि आज प्रथमच त्याला शिरच्छेद पाहण्यासाठी नेले जात आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा पहिला खंड, ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’, १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील प्रास्ताविकानंतरचे पहिलेच प्रकरण या मुलाचे, ब्रॅन स्टार्कचे आहे. अपराधी हा उत्तर सीमेवरील पहारा सोडून पळालेला एक पहारेकरी आहे, आणि त्या राज्यात या अपराधाला मृत्यू हीच शिक्षा आहे. मुलाचे वडील एडार्ड स्टार्क हे उत्तर प्रांताचे अधिपती. ते जल्लाद बाळगत नाहीत. शिक्षा सुनावणाऱ्यानेच तलवार चालवावी, मरणाऱ्याच्या डोळ्यांत पाहावे, त्याचे अखेरचे शब्द ऐकावेत. हे ज्याला पेलणार नाही त्याने तो मनुष्य मरणास पात्र आहे काय याचाच फेरविचार करावा, असा त्यांच्या घराण्याचा दंडक आहे. शिरच्छेदानंतर ते तो मुलाला समजावून सांगतात.

इतका नेक न्यायाधीश अन्य कोठे सहसा आढळणार नाही. तरीही त्या सकाळी सत्य निसटते. तो मनुष्य कशाला भिऊन पळाला हे वाचकाला प्रास्ताविकातून आधीच ठाऊक असते. सीमेपलीकडच्या अरण्यात मेलेली माणसे पुन्हा उठून चालू लागली आहेत. एडार्ड त्या मनुष्याच्या डोळ्यांत पाहतात, पण त्यांना तेथे दिसते ते केवळ वेड. निकाल कायद्याला धरून आहे आणि तो देणाऱ्याचे मन स्वच्छ आहे. मात्र त्या शिराबरोबर साऱ्या राज्याला मिळू शकणारा एक इशारा बर्फात पडतो. पुढे हजारो पृष्ठे चालणाऱ्या या कथेने आपल्या उंबरठ्यावरच वाचकाला बजावले आहे, की निकाल देणाऱ्याने डोळ्यांत पाहिले पाहिजे, आणि पाहिले तरी ते पुरेसे असेलच असे नाही.

साठी ओलांडलेल्या एका मराठीच्या प्राध्यापकाने हे प्रकरण वाचले ते आवडीने नव्हे, कर्तव्य म्हणून. त्याच्या एका विद्यार्थिनीने प्रबंधिकेसाठी मध्ययुगीन धाटणीच्या अद्भुत कादंबऱ्यांतील सदोष व्यक्तिरेखा हा विषय घेतला होता. प्राध्यापकाच्या मनात अद्भुताची मूर्ती होती ती ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांची. त्या कथांत सज्जन हे सज्जन असतात, दुर्जन हे दुर्जन असतात, आणि अखेरीस ज्याचे त्याला मिळते. तेथे न्यायाधीशाला काम उरत नाही. या नव्या अद्भुतात मात्र त्याला पानोपानी काम होते, आणि ते त्याला अवघड जात होते.

अवघड जाण्याचे पहिले कारण जेमी लॅनिस्टर. हा राजाच्या अंगरक्षक दलातील सरदार. ज्या राजाच्या रक्षणाची शपथ घेतली, त्या एरिसलाच त्याने सतराव्या वर्षी ठार केले आणि ‘राजहंता’ हे नाव कायमचे कपाळी घेतले. पहिल्याच खंडात तो ब्रॅनला मनोऱ्याच्या खिडकीतून खाली ढकलतो, कारण मुलाने त्याला त्याच्या जुळ्या बहिणीसह, म्हणजे विद्यमान राणीसह, नको त्या अवस्थेत पाहिले. मुलगा वाचतो, पण त्याचे पाय कायमचे जातात. येथपर्यंत कोणताही वाचक निकाल द्यायला कचरत नाही.

मग २००० साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात, ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’मध्ये, मार्टिन जेमीला स्वतःची प्रकरणे देतात. वाचक त्याच्या मनात उतरतो. शत्रू त्याचा उजवा हात तोडतात, म्हणजे ज्याच्यामुळे तो कोणीतरी होता तेच त्याच्यापासून हिरावून घेतात. ज्वराने ग्रासलेला असताना तो ब्रिएन या स्त्री-योद्ध्याला आजवर न सांगितलेले सांगून टाकतो. एरिस राजाने राजधानीच्या पोटात ज्वालाग्राही द्रव्याचे साठे पेरून ठेवले होते आणि पराभव दिसताच सारे नगर जाळण्याची आज्ञा दिली होती. तिची अंमलबजावणी होण्यापूर्वी जेमीने राजाला मारले. लक्षावधी माणसे वाचली. एडार्ड स्टार्क सभागृहात आले तेव्हा त्यांना सिंहासनावर बसलेला जेमी दिसला, आणि त्या नजरेतच निकाल लागला असे जेमीला वाटले. एडार्डनी विचारले नाही. जेमीनेही सांगितले नाही.

“सर, या ठिकाणी मी बाजू बदलली,” असे त्या विद्यार्थिनीने सांगितले तेव्हा प्राध्यापकाला नवल वाटले नाही, कारण बाजू त्यानेही बदलली होती. दोन दिवसांनी मात्र त्याने तिला विचारले, “मधल्या काळात ब्रॅनचे पाय बरे झाले का?”

प्रश्न जरा कठोर होता, पण अस्थानी नव्हता. बाजू बदलताना काय घडले? राजवधाच्या आरोपातून जेमी सुटला, ते योग्यच झाले. त्याविषयीची नवी वस्तुस्थिती पुढे आली होती. मुलाला ढकलण्याविषयी मात्र कोणतीही नवी वस्तुस्थिती आलेली नाही. एका खटल्यातील पुराव्यावर दुसऱ्या खटल्यातील आरोपी सुटला, आणि वाचकाला ते कळलेही नाही. हे साधले ते निवेदनाच्या सामर्थ्याने. ज्याच्या मनात राहून चार प्रकरणे काढली, त्याच्या अपराधाचे ओझे हलके वाटू लागते. समजून घेणे आणि निर्दोष ठरवणे या दोन क्रिया भिन्न आहेत. कथा त्यांना इतक्या बेमालूमपणे जोडते, की सांधा दिसत नाही.

जेमीला त्या कृत्याची लाज वाटते, हेही खरे. तशी कबुली तो तिसऱ्या खंडात देतो. पण ती देतो बहिणीपाशी, त्या मुलापाशी नव्हे. येथे महाभारताच्या वाचकाला उद्योगपर्वातील कर्ण आठवल्याशिवाय राहत नाही. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना कटू बोललो, त्याचा आज ताप होतो, असे कर्ण कृष्णाला सांगतो. पश्चात्ताप खरा आहे, परंतु तो द्रौपदीपर्यंत पोहोचत नाही. सभेतील शब्द ज्या स्त्रीवर पडले, ती त्या एकांतात नाही. मराठीत १९६७ साली कर्णाविषयी दोन भिन्न प्रकृतींची पुस्तके आली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाला वाणी दिली, तर इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने त्याला इतर सर्वांबरोबर एकाच तराजूत ठेवले. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण बोलतात. द्रौपदीला निवेदन नाही. कर्णावर जीव टाकणाऱ्या मराठी वाचकांच्या पिढ्यांनी ही अनुपस्थिती क्वचितच मोजली असेल. कादंबरीकाराने कोणाला बोलू द्यावे हा त्याचा अधिकार आहे. कोण बोलले नाही हे ध्यानात ठेवणे हे वाचकाचे काम आहे.

अशा प्रसंगी वाचक नेहमी एका युक्तिवादाचा आसरा घेतो: काळच तसा होता. ऐतिहासिक कादंबरीत या म्हणण्याला थोडे वजन असते. अद्भुत कादंबरीत तो काळ कधी नव्हताच. ते किल्ले, त्या शपथा, ते देहदंड विसाव्या शतकाच्या अखेरीस एका लेखकाने टेबलाशी बसून रचलेले आहेत. मध्ययुग हा तेथे केवळ पेहराव आहे; त्याच्या आतली माणसे आपल्या काळातील वाचकासाठीच घडलेली आहेत. शिवाय त्या जगातही सर्वांनी सारखेच वर्तन केलेले नाही. परागंदा राजवंशातील एका गर्भवती मुलीला मारेकरी घालून मारण्याचा बेत ठरतो, तेव्हा एडार्ड स्टार्क आपले प्रधानपद सोडतात, पण संमती देत नाहीत. एकाने नकार दिला, की काळाच्या नावावर इतरांची सुटका करता येत नाही.

या कादंबरीमालेतील न्यायाचे सर्वांत मार्मिक चित्र एका दुय्यम पात्राच्या वाट्याला आले आहे. डाव्होस सीवर्थ हा चोरटा व्यापार करणारा खलाशी. वेढ्यात उपासमारीने मरू घातलेल्या एका किल्ल्यात तो रात्री वेढा चुकवून कांदे आणि खारवलेले मासे पोहोचवतो. किल्ल्याचा अधिपती स्टॅनिस त्याला सरदारकी देतो, आणि पूर्वीच्या चोरट्या व्यापारासाठी त्याच्या डाव्या हाताच्या चार बोटांची पेरे तोडण्याची शिक्षाही देतो. सत्कृत्याने दुष्कृत्य पुसले जात नाही, दुष्कृत्यानेही सत्कृत्य पुसले जात नाही, हा स्टॅनिसचा हिशेब. डाव्होस तो मान्य करतो, पण एका अटीवर: सुरी स्टॅनिसने स्वतःच्या हाताने चालवावी. एडार्डच्या घराण्याचा दंडक येथे आरोपीच्या तोंडून मागितला जातो. पुढे हाच स्टॅनिस राज्याच्या कल्याणासाठी एका निरपराध मुलाचा बळी देण्याच्या विचारापर्यंत येतो, तेव्हा डाव्होस त्या मुलाला गुपचूप गलबतावर चढवून दूर धाडतो. एक सरदार आपल्या माणसांना वाचवण्यासाठी एका मुलाला खिडकीतून ढकलतो, आणि एक माजी चोर आपल्या राजाची आज्ञा डावलून दुसऱ्या मुलाला वाचवतो. दोघेही सदोष आहेत. परंतु दोष सर्वांतच असतात, या वाक्याने त्यांच्यातील अंतर मिटत नाही.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४–५५) सारे काळे-पांढरे आहे, असे सर्रास म्हटले जाते. तेही तपासून पाहण्याजोगे आहे. नायक फ्रोडो अग्निपर्वताच्या कड्यावर पोहोचतो आणि ऐन क्षणी मुद्रिका नष्ट करायचे नाकारतो. फ्रोडोचा गौरव न करता देशद्रोही म्हणून त्याला देहदंडच द्यायला हवा होता, असे एका संतप्त वाचकाने टॉल्किनना कळवले होते. टॉल्किननी आपल्या पत्रांतून या प्रश्नाला उत्तर दिले आहे. फ्रोडो हरला हे ते मान्य करतात, पण ते नैतिक पतन मानत नाहीत. अंगावर दरड कोसळून शरीर मोडले तर त्याचा दोष कोणी देत नाही. सहनशक्तीच्या पलीकडच्या भाराखाली मन मोडले तरी न्याय तोच. करणे आणि मोडणे यांतील हा भेद जेमीलाही लावून पाहावा. त्या मनोऱ्यात जेमी मोडलेला नव्हता. त्याने क्षणभर विचार केला, आणि मग हात पुढे केला.

त्याच कथेत एका जिन्यावर गॉलम झोपलेल्या फ्रोडोच्या गुडघ्याला जवळजवळ मायेने स्पर्श करतो. इतक्यात प्रामाणिक सॅम जागा होतो आणि त्याला तोडून बोलतो. पश्चात्तापाच्या काठावर आलेला गॉलम मागे वळतो, तो कायमचा. एका कठोर शब्दाने हे घडले, असे टॉल्किननी १९४५ साली आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात खेदाने नोंदवले आहे. सॅमचा निकाल चुकीचा नव्हता, कारण गॉलम कपटीच होता. फक्त सॅमने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही.

हे प्रकरण वाचले त्या रात्री प्राध्यापकाला एक जुनी सही आठवली. अनेक वर्षांपूर्वी परीक्षेतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या समितीवर तो होता. दोन उत्तरपत्रिकांतील उत्तरे शब्दशः सारखी निघाली होती. एक मुलगा बोलत राहिला, दुसरा मान खाली घालून उभा राहिला. पुढे अजून अकरा प्रकरणे होती. दोघांनाही सारखीच शिक्षा झाली. प्राध्यापकाने सही केली, कारकुनाने यादी टंकली, शिपायाने ती सूचनाफलकावर डकवली. सुनावणारा एक, तलवार चालवणारा दुसरा. न बोलणाऱ्या मुलाने नक्कल केली होती, की त्याची नक्कल झाली होती, हे त्याला तेव्हा कळले नाही आणि आता कळण्याचा मार्ग नाही. त्या मुलाचा चेहरा त्याला आठवत नाही, कारण त्या दिवशी तो त्याने पाहिलाच नव्हता.

प्रबंधिकेच्या अखेरच्या चर्चेत विद्यार्थिनीने त्याला निरुत्तर केले. तिने २०११ साली आलेला पाचवा खंड वाचला होता. ब्रॅनला आता दुसऱ्या जिवाच्या देहात शिरण्याची विद्या येते. त्याला पाठीवर वाहून नेणारा होडॉर हा मंदबुद्धी, महाकाय सेवक. त्याला एकच शब्द उच्चारता येतो. पाय नसलेला ब्रॅन चालण्याच्या ओढीने होडॉरच्या देहात शिरतो, आणि होडॉर आतल्या आत भेदरून एका कोपऱ्यात दडून बसतो. ब्रॅनला ते जाणवते, तरी तो पुन्हा शिरतो.

“तुम्ही ब्रॅनच्या पायांबद्दल विचारलंत, सर,” ती म्हणाली, “पण होडॉरबद्दल कोणी विचारायचं?”

ज्याच्यावर अन्याय झाला, तोच दुसऱ्यावर अन्याय करतो आहे. आणि वाचकाला तो दिसत नाही, कारण या वेळी प्रकरण ब्रॅनचे आहे. जेमीच्या प्रकरणात ब्रॅन मागे पडला, ब्रॅनच्या प्रकरणात होडॉर. होडॉरला प्रकरण मिळू शकत नाही. त्याच्यापाशी साक्ष देण्यासाठी एक शब्द आहे, आणि तोही त्याचे स्वतःचेच नाव म्हणून इतरांनी धरलेला.

म्हणून अद्भुत कथेतील माणसांचा न्याय करूच नये, असा याचा अर्थ नाही. निर्णय टाळणारा वाचक उदार नसतो. बलवानाने जे सांगितले ते मान्य करून तो मोकळा होतो. निर्णय द्यावा, पण स्वतःच्या हाताने द्यावा, आणि देण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या डोळ्यांत पाहावे. एक बाजू ग्रंथकार दाखवतोच. दुसरी पुष्कळदा पानाच्या कडेला असते, आणि ती वाचकालाच शोधावी लागते.

प्राध्यापकाने प्रबंधिकेवर शेरा लिहिला, खाली सही केली. या वेळी ती खोलीबाहेर पाठवून न देता त्याने विद्यार्थिनीला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवली. त्यात दोन दोष नोंदवले होते. ते ऐकताना तिचा चेहरा किंचित उतरला, आणि तो त्याने पाहिला.