मुसल्ला बरोबर घ्यावा का?

आम्ही म्हणजे नवरा-बायको. दोघेही माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. एकाने तीस वर्षे इतिहास शिकवला, एकीने मराठी. हा लेख दोघांनी बसून लिहिला आहे, म्हणून यात 'मी' नाही. जिथे आमचे पटले नाही तिथे तसे सांगितले आहे.

मुलगी जर्मनीत नोकरी करते. यंदा ऑक्टोबरात तिच्याकडे जायचे ठरले, तेव्हा तिने फोनवर विचारले, "अब्बा, मला शुक्रवार ते सोमवार सुट्टी मिळतेय. तीन रात्री. युरोपातलं कोणतंही एक शहर सांगा. पॅरिस, रोम, व्हेनिस, काय हवं ते. अम्मीलाही विचारा."

विचारायची गरज पडली नाही. दोघांच्या तोंडून एकच नाव आले, कुर्तुबा.

नकाशात ते कोर्दोबा आहे. आमच्या घरात ते कुर्तुबाच होते. वडील रात्री कंदिलाच्या उजेडात नसीम हिजाझींच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचत आणि आम्ही पोरे गोधडीत पडून ऐकत असू. गावाबाहेर माळावर शेळ्या चरत आणि आमच्या डोक्यात अंदलूसचे घोडे दौडत. शाळेच्या पुस्तकात त्या सगळ्याबद्दल जेमतेम ओळ-दोन ओळी. पुढे एकाने इक्बाल वाचले. तिसऱ्या गोलमेज परिषदेनंतर, १९३३ च्या जानेवारीत, ते स्पेनला गेले होते. तिथल्या मशिदीत नमाज पढतानाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या भेटीतून आलेली 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म १९३५ च्या 'बाल-ए-जिब्रील'मध्ये आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना ती इमारत त्या नज्मेमुळेच माहीत झाली.

बेत आखायला बसलो तेव्हा पहिली अडचण घरातूनच आली. आपा, म्हणजे आमच्यातल्या एकाची थोरली बहीण, पान लावता लावता म्हणाल्या, "उमरा नै किये अबतक, और गोऱ्यां के मुल्क में घुमने जातें?"

प्रश्न खोटा नव्हता. आम्ही सांगितले की उमऱ्याचे पैसे वेगळे ठेवले आहेत, त्यांना हात लावणार नाही आणि हे तिकीट मुलगी काढते आहे. आपांनी मान हलवली, पण पुढे विचारलेच, "और वो मस्जिद में नमाज पढने देतें क्या?"

"नाही," आम्ही म्हणालो.

"फिर काय को जातें?"

या 'काय को'चे उत्तर शोधण्यात आमचे दोन महिने गेले. बाकीचे नियोजन त्यामानाने सोपे होते. व्हिसा जर्मनीचा काढायचा, कारण जास्त दिवस तिथेच राहणार. त्याच शेंगेन व्हिसावर स्पेनला जाता येते. फ्रँकफर्टहून विमानाने मालागा आणि तिथून वेगवान रेल्वेने तासाभरात कोर्दोबा. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीपार जातो, सोलापूरकरांनाही घाम फुटावा असा. म्हणून ऑक्टोबरच बरा. मे महिन्यात लोक आपल्या घरांची फुलांनी भरलेली अंगणे पाहुण्यांसाठी उघडतात, त्या सणाला २०१२ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. पण मे महिना आमच्या हातात नव्हता.

खाण्याची यादी मुलीने केली. साल्मोरेहो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि जैतुनाचे तेल वाटून केलेले दाट, थंडगार सार. त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरवतात, तेव्हा ऑर्डर देतानाच नको म्हणून सांगायचे. वांग्याच्या तळलेल्या कापांवर उसाची काकवी घालून देतात. हे वाचून आमच्यातली एक म्हणाली, "काकवी होय? मग आपण उपाशी राहत नाही."

वारांचा हिशेब मात्र नीट करावा लागला. मशीद, जी आज कॅथेड्रल आहे, तिथे रविवारी सकाळी प्रार्थना असते. शहराबाहेर आठेक किलोमीटरवर मदिनत अल्-झहराचे अवशेष आहेत, ते सोमवारी बंद. म्हणून शुक्रवारी पोहोचायचे. शनिवारी सकाळी गर्दीच्या आधी मशीद. रविवारी अल्-झहरा. सोमवारी नदीवरचा रोमन पूल ओलांडून परत. ग्रॅनडाचा अल्हम्रा जोडावा असे एकाला वाटत होते, पण तिथली तिकिटे नावानिशी आणि वेळ ठरवून मिळतात, आठवडे आधी संपतात. शिवाय तीन दिवसांत दोन शहरे म्हणजे दोन्हीकडे फक्त धावपळ. ग्रॅनडा सोडले.

मग उरला तो 'काय को'.

पहिल्या अब्दुर्रहमानने इ. स. ७८५ च्या सुमारास ही मशीद बांधायला घेतली. त्याच्या घराण्याची कत्तल झाली, त्यातून जीव वाचवून तो इथवर आला होता. म्हणजे मशीद बांधणारा निर्वासित होता. खांब त्याने जुन्या रोमन आणि व्हिसिगोथ इमारतींचे आणून वापरले. ते पुरेसे उंच नव्हते म्हणून कारागिरांनी कमानीवर कमान चढवली, लाल वीट आणि पांढरा दगड आलटून पालटून. पुढच्या दोनशे वर्षांत वारसांनी ती वाढवत नेली. आज साडेआठशेच्या आसपास खांब उभे आहेत. १२३६ मध्ये तिसऱ्या फर्डिनंडने शहर जिंकले आणि मशिदीचे चर्च झाले. १५२३ मध्ये खांबांच्या मधोमध मोठे कॅथेड्रल उठवायला सुरुवात झाली, तेव्हा विरोध केला तो शहराच्या ख्रिस्ती नगरमंडळानेच. जुन्या कामाला हात लावणाऱ्या कारागिराला देहदंड देऊ, अशी दवंडी त्यांनी पिटवली. निवाडा बादशाह पाचव्या चार्ल्सकडे गेला आणि तो पाद्र्यांच्या बाजूने लागला.

इतिहास शिकवणारा हे सांगताना आवाज चढवतो. त्याचे म्हणणे, आपली मशीद, आपल्याला दोन रकातही पढू देत नाहीत, हा अन्याय नाही तर काय? २०१० मध्ये ऑस्ट्रियातून आलेल्या काही मुस्लिम तरुणांनी आत नमाज सुरू केली, तेव्हा रखवालदारांशी झटापट होऊन पोलीस आले होते. चर्चने २००६ मध्ये ही वास्तू आपल्या नावावर नोंदवून घेतली, तीही अवघ्या तीस युरोंत. त्यावरून खुद्द स्पेनमधले लोकच भांडत आहेत.

मराठी शिकवणारीने यावर शांतपणे विचारले, "या मशिदीच्या आधी तिथं काय होतं?"

परंपरा सांगते की तिथे संत व्हिन्सेंटचे चर्च होते. पुराणवस्तुशास्त्रज्ञांत त्याबद्दल वाद आहे.

"म्हणजे खणत गेलं तर खाली आणखी कुणाचं तरी काहीतरी निघणारच. १९९२ चा डिसेंबर आपण दोघांनी या घरात दार लावून काढला. खाली काय होतं या प्रश्नाचं पुढं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जो हिशेब इथं आपल्याला नको, तो तिथं कसा मागायचा?"

त्या रात्री आम्ही जेवताना फारसे बोललो नाही. एकाला राग आला होता, कारण तिचे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी तिने जे सांगितले ते लेखात घालायचे की नाही यावर आमची चर्चा झाली. घालायचे ठरले. ती म्हणाली, "तुम्हाला तिथं नमाज पढू देत नाहीत याचं दुःख आहे. मला आपल्या गल्लीतल्या मशिदीत आयुष्यात एकदाही आत जाता आलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून पाचही वेळची अजान ऐकते. आतला मेहराब कसा आहे ते मला माहीत नाही. तुम्ही कधी सांगितला नाहीत, मी कधी विचारला नाही. आता पहिल्यांदा मी कुठल्या मेहराबपुढं उभी राहणार आहे, तर जिथं कुणालाच नमाज पढता येत नाही अशा. मला रडू येईल की हसू येईल, हेच बघायला मला जायचंय."

तीस वर्षे वर्गात बोलणाऱ्या माणसाला तेव्हा बोलता आले नाही.

त्यानंतर आमचे वाचन बदलले. आधी आम्ही लढाया आणि सुलतान शोधत होतो. आता माणसे शोधू लागलो. इब्ने हज्म ९९४ मध्ये कुर्तुब्यात जन्मला. एवढा मोठा आलिम, पण कुरआन, कविता आणि हस्ताक्षर आपण बायकांकडून शिकलो, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. दुसऱ्या हकमच्या दरबारात लुबना नावाची विदुषी होती, लेखनकलेत आणि गणितात वाकबगार. अकराव्या शतकातली वल्लादा ही खलिफाची मुलगी आणि स्वतः कवयित्री. तिच्या आणि इब्ने झैदूनच्या प्रेमाचे एक छोटे स्मारक शहरात आहे. मराठी शिकवणारीने तीनही नावे वहीत मोठ्या अक्षरांत लिहिली आणि इब्ने हज्मचा पुतळा शनिवारच्या यादीत घातला.

पण शोधता शोधता जे नको होते तेही सापडले. दुसऱ्या हकमचा ग्रंथसंग्रह जगात गाजलेला. त्यानंतर सत्ता हाती घेतलेल्या अल्-मन्सूरने उलेमांना खूश करण्यासाठी त्यातली तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळली. इब्ने रुश्द ११२६ मध्ये याच शहरात जन्मला, काझी झाला. त्याच्या ग्रंथांवर युरोपच्या विद्यापीठांनी शतकानुशतके अभ्यास केला. त्याला ११९५ मध्ये आपल्याच लोकांनी हद्दपार केले आणि त्याची पुस्तके आगीत टाकली. यहुदी पंडित मुसा बिन मैमून याच शहरातला. अल्-मोहाद राजवटीत त्याच्या कुटुंबाला कुर्तुबा सोडावे लागले. म्हणजे मशीद घेणारे परके होते, पण पुस्तके जाळणारे आपलेच होते. वडिलांनी वाचलेल्या कादंबऱ्यांतून आमच्या मनात हे कधी उतरले नव्हते. इब्ने रुश्द आणि मुसा बिन मैमून दोघांचेही पुतळे आज जुन्या शहरात आहेत. दोन्हींपुढे थांबायचे ठरवले आहे.

भाषेचे एक प्रकरण मात्र आम्हा दोघांना सारखेच भिडले. १४९२ मध्ये ग्रॅनडा पडल्यावर तिथल्या मुसलमानांना सक्तीने बाप्तिस्मा दिला गेला. त्यांना मोरिस्को म्हणत. पुढे अनेक भागांतले मोरिस्को अरबी विसरले. तेव्हा दुआ, मसले, पैगंबरांच्या गोष्टी हे सगळे त्यांनी आपल्या रोजच्या स्पॅनिश बोलीत लिहिले, फक्त लिपी अरबी ठेवली. १६०९ ते १६१४ या काळात त्यांना देशाबाहेर घालवले. पुस्तके मागे राहिली. १८८४ मध्ये आलमोनासिद दे ला सिएरा या गावी एक जुने घर पाडताना दुहेरी जमिनीच्या पोकळीत अशा हस्तलिखितांचा साठा सापडला.

हे वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिले. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला दोन्हीकडून विचारले जाते. इकडचे विचारतात, तुमची भाषा उर्दू ना? तिकडचे विचारतात, मराठी एवढी चांगली कशी? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, त्याला चारशे वर्षे होत आली, तरी प्रश्न संपत नाही. त्या मोरिस्कोंना कुणी विचारले असते की अल्लाहचे नाव स्पॅनिशात कसे घेता, तर ते म्हणाले असते, आमची आई ज्या भाषेत रागावते त्याच भाषेत.

आणि शब्द तर तिथे राहिलेच. स्पॅनिशात साखरेला 'आसूकार' म्हणतात. आपली शर्करा फारसीत, तिथून अरबीत आणि तिथून स्पेनला पोहोचली. नारिंगाला 'नारान्हा', तेही याच वाटेने गेलेले. नगराध्यक्षाला 'अल्काल्दे', म्हणजे आपले काझीसाहेब. जकातनाक्याला 'आदुआना', त्यात आपला दिवाण बसला आहे. शहरातून वाहणारी ग्वादालक्विवीर म्हणजे 'वादी-अल्-कबीर'. माणसे घालवता येतात, शब्द घालवता येत नाहीत. आपल्या मराठीतून अर्ज, तारीख, कायदा, वकील काढायचे ठरवले तर तहसील कचेरी एक दिवस चालणार नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या मशिदीत आग लागली. झाडू मारायच्या यंत्रामुळे एका कपेलीत पेट घेतला आणि तिथले छत कोसळले. बाकीची वास्तू वाचली. त्या रात्री फोनवर ते चित्र पाहताना आम्ही दोघेही दुआ पुटपुटत होतो. नंतर लक्षात आले की ती दुआ एका कॅथेड्रलसाठी होती. आणि ती विझवणारे अग्निशामक दलाचे लोक कोण होते, कोणत्या धर्माचे, हे आम्ही विचारलेही नव्हते.

आता बॅगा भरायला काढल्या आहेत. गुडघ्याचा पट्टा, कारण जुन्या शहराचे रस्ते खडीचे. औषधे. चिवडा. आणि मुसल्ला. तो घ्यावा की नाही, यावर सगळ्यात शेवटी बोललो. शहरात कोलोन बागेत एक छोटी मशीद आहे, यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने लढलेल्या मोरोक्कन सैनिकांसाठी बांधलेली. शुक्रवारी वेळेत पोहोचलो तर तिथे जाऊ, दोघेही. बाकी नमाज हॉटेलच्या खोलीत. त्या मोठ्या मशिदीचा मेहराब तसाही जवळपास दक्षिणेकडे आहे, मक्केकडे नाही. शनिवारी सकाळी तिच्यासमोर फक्त उभे राहायचे. सजदा करण्याचा हट्ट धरायचा नाही आणि मागायचेही काही नाही.

आपांना हे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दुल्हन, अंदर कैसा है वो आके मेरेकू सांग."

परवा मुसल्ला धुऊन वाळत घातला. गल्लीतल्या मशिदीच्या जमातीशीही बोलायचे आहे, बायकांसाठी एक कोपरा, एक जिना, काहीतरी. ते काम तीन दिवसांचे नाही. पण परत आल्यावर ते बोलणे कोण सुरू करणार, हे आमच्यात ठरले आहे. इतिहास शिकवणारा.