फेसाचा भाव

देवगाव फाट्यावर मी ज्या सलूनमध्ये केस कापतो, तिथल्या आरशाखालची फळी नीट बघण्यासारखी आहे. शेपटीकडून गुंडाळत आणलेली व्ही-जॉनची मोठी ट्यूब, मूठ झिजलेला ब्रश, पाण्याची फवाऱ्याची बाटली, तुरटीचा खडा, पावडरचा डबा आणि वस्तऱ्यात घालायच्या अर्ध्या पात्यांची पुडी. फोमचा डबा मात्र नाही. मंठ्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता मिळतो तिथला हा फाटा. चारठाण्याकडची, सेलूकडची माणसं एसटीची वाट बघत इथं थांबतात आणि तेवढ्यात दाढी उरकून घेतात. सणावाराला तर बाकड्यावर बसायला जागा नसते. अशा धंद्यात फोम परवडला असता तर कारागिरानं तो सगळ्यात आधी आणला असता. ब्रश फिरवायचे कष्ट तरी वाचले असते.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याच्या न्हाणीघरात मात्र उलटं चित्र आहे. तिथं फोमचा उंच डबा आहे आणि शेजारी महागड्या क्रीमची बसकी डबीही आहे. यातलं कोणतं पैशाला जागतं, यावर त्याच्या मित्रांमध्ये वाद चालतो. दिवाळीला येताना त्यानं दोन्ही माझ्यासाठी आणलं. "मामा, रोज ट्यूबनं करता, एकदा हे वापरून तर बघा." मग मी वापरून बघितलं, आणि माझ्या सवयीप्रमाणे हिशेबही मांडला.

दाढीला लावायचा साबण हा मुळात साधा प्रकार. स्टिअरिक आम्ल नावाचं मेणचट द्रव्य, खोबरेल तेलातून येणारी आम्लं, त्यांचा साबण व्हावा म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ओलावा धरायला ग्लिसरीन, आणि पाणी. सोडियमचा साबण घट्ट वडी धरतो, पोटॅशियमचा मऊ राहतो. म्हणून ट्यूब दाबली की क्रीम सळसळत बाहेर येते. १९१९ साली अमेरिकेत बार्बासॉल नावाची क्रीम निघाली. ती ब्रशाशिवाय, नुसत्या बोटांनी लावायची होती. घाईच्या माणसाची सोय तिथून सुरू झाली. १९४९ च्या सुमारास राइझ नावाचा दाबाखालचा डबा आला आणि फेस करण्याचं कामही माणसाच्या हातून गेलं. डब्यात साबणाचं पातळ द्रावण आणि दाबाखाली द्रव झालेला वायू एकत्र असतो. बटण दाबलं की द्रावण बाहेर पडतं, त्यातला वायू झपकन फुगतो आणि हातावर पांढरा गोळा उभा राहतो. पूर्वी अशा फवाऱ्याच्या डब्यांमध्ये ओझोनचा थर खाणारे सीएफसी वायू असत. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते हद्दपार झाले आणि आता ब्युटेन, प्रोपेन असतात. म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातले भाऊबंदच.

आता मुद्द्याची गोष्ट. फोमच्या गोळ्यात जागा बहुतेक वायूनंच व्यापलेली असते. मग माणूस नक्की किती ग्रॅमचे पैसे मोजतो? किराण्याच्या काट्यावर हे कळण्यासारखं नव्हतं, म्हणून डबा आणि ट्यूब घेऊन सेलूला सराफाकडे गेलो. ओळखीचे होते, तरी क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सोन्याच्या काट्यावर बशी ठेवून तिच्यात दाढीचा फेस सोडणारं गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. लिंबाएवढा गोळा तीन ग्रॅमच्या आसपास भरला. सुलटी आणि मग उलटी अशी दाढी करायची तर फोम दोनदा घ्यावा लागतो. सहा ग्रॅम झाले. ट्यूबमधून मी ब्रशावर घेतो तेवढी क्रीम जेमतेम दीड ग्रॅम भरली. ती एकदाच घ्यावी लागते, कारण उलट्या हातासाठी लागणारा फेस ब्रशात शिल्लक असतो.

आपल्याकडे वेष्टनावर प्रति ग्रॅम किंमत छापावी लागते, आणि ती बघूनच माणूस चकतो. सोपे, गोल आकडे धरू. दोनशे ग्रॅमचा फोम २२० रुपयांना, सत्तर ग्रॅमची साधी ट्यूब ७० रुपयांना, शंभर ग्रॅमची चांगली क्रीम ३०० रुपयांना. ग्रॅमला फोम एक रुपया दहा पैसे, ट्यूब एक रुपया, महाग क्रीम तीन रुपये. फोम आणि ट्यूब सारख्याच भावाच्या वाटतात आणि डबीतली क्रीम तिप्पट चैनीची. दाढीच्या हिशेबात उतरवलं की पारडं फिरतं. फोमची दाढी साडेसहा रुपयांना पडते, महाग क्रीमची साडेचार रुपयांना आणि साध्या ट्यूबची दीड रुपयाला. म्हणजे ज्या डबीला लोक उधळपट्टी म्हणतात ती फोमपेक्षा स्वस्त आहे, आणि ट्यूबच्या जवळपासही दोघं येत नाहीत. सलूनमधल्या त्या फळीवर फोम का नाही, हे मला सराफाच्या दुकानात कळलं.

पैशाचं झालं, गालाचं काय? फोम लावून दाढी करताना माझ्या हनुवटीखाली पातं अडकायचं. महाग क्रीमनं तसं झालं नाही, पण साध्या ट्यूबनंही होत नाही. सलूनवाल्याला विचारलं, तर हातातलं काम न थांबवता तो म्हणाला, "सर, ह्या फेसात दम नाही. लावला की सुकायलाय. ब्रशनं केस उभा राहतो. बोटानं फेस थापला, तर केस झोपलेलाच ऱ्हातो." शास्त्रही फार वेगळं सांगत नाही. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. पाणी प्याला की मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. पण पाणी आत मुरायला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. सलूनमध्ये ब्रश गोल गोल फिरतो, राजकारणावर चार वाक्यं होतात, मध्येच कुणाचा तरी फोन येतो. तेवढ्यात ती मिनिटं आपोआप निघून जातात. फोमवाला पाच सेकंदात गाल पांढरा करतो आणि लगेच पातं लावतो. खरं तर फोमला दोष देण्याआधी त्या घाईला द्यायला हवा. अंघोळ करून, केस चांगले भिजल्यावर फोम लावला तेव्हा माझी तक्रार निम्म्यानं कमी झाली.

पात्याचा खर्चही याच खात्यात मांडायला हवा. पोलादापेक्षा पन्नास पट मऊ असलेला केस पातं बोथट कसं करतो, हे कोडं अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. केस कापताना वाकतो, आणि पात्याच्या धारेत जिथं आधीच कच्ची जागा असेल तिथं बारीकसा टवका उडतो. टवक्यांवर टवके पडत जातात. आम्ही चार दाढ्यांनी पातं फेकतो तेव्हा ते झिजलेलं नसतं, खांडं पडलेलं असतं.

भाच्याच्या पुण्यात आणि आमच्या फाट्यावर एक मोठा फरक आहे, तो पाण्याचा. इथल्या बोअरचं पाणी जड. हंड्याच्या कडेला पांढरा थर धरतो, डाळ शिजायला वेळ लागतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. काळ्या पाषाणात खोल गेलेल्या बोअरकडून याहून मऊपणाची अपेक्षा करणंही चूकच. अशा दुष्फेन पाण्यात साबणातली आम्लं कॅल्शियमशी जोडी जमवतात आणि फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. भाच्याची तीनशेची क्रीम बोअरच्या पाण्यात घोळली तेव्हा पहिल्यांदा उभा राहिलेला फेस पाहता पाहता बसला. इथं मात्र फोमची सरशी होते. त्याचं पाणी कारखान्यातच घातलेलं असतं, फेस होताना आमच्या बोअरशी त्याचा संबंध येत नाही.

उपाय सोपा निघाला. घरात पिण्याच्या पाण्याचा जार येतोच. त्यातली अर्धी वाटी कोमट करून ब्रश भिजवला. त्याच क्रीमचा फेस लोण्यासारखा आला. मग तेच पाणी साध्या ट्यूबला दिलं, तर तिचाही आला. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरलं तर जारचीही गरज नाही. दुकानात गिऱ्हाइकाला क्रीमचा वास हुंगायला देतात, पण त्याच्या घरी पाणी कसलं आहे, हे कुणी विचारत नाही.

पाण्याचा विसर मोठमोठ्यांना पडलेला आहे. जिलेट कंपनीनं भारतासाठी रेझर बनवताना तो आधी बोस्टनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना वापरायला दिला, आणि त्यांनी तो पसंत केला. भारतात आल्यावर पात्यात केस नि साबण अडकू लागला. बोस्टनच्या वसतिगृहात नळाचं वाहतं पाणी होतं. इथं माणूस पाटावर बसून, हातातल्या आरशात बघत, पेल्याभर पाण्यात दाढी करत होता. कंपनीचे लोक मग घराघरांत जाऊन बसले, आणि २०१० मध्ये एका पात्याचा, सहज धुतला जाणारा गार्ड रेझर १५ रुपयांना आला. सुटं पातं ५ रुपयांना. एप्रिल-मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

राहिला प्रश्न महाग क्रीममध्ये महाग काय असतं याचा. भाच्याची डबी आणि माझी ट्यूब शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिली पाच-सहा नावं जवळजवळ तीच. फरक पुढं आहे: सुगंध बरा, ग्लिसरीन किंवा शिया बटर सढळ, फेस दाट आणि उशिरा सुकणारा. हा फरक खरा आहे आणि हाताला जाणवतोही. बाकीचे पैसे डबीला, जाहिरातीला आणि नावाला जातात. नावांची तर मौजच आहे. शंतनू देशपांडे यांनी उभ्या केलेल्या बॉम्बे शेव्हिंग कंपनीच्या नावात मुंबई, पण तिचा मुक्काम दिल्लीत. २०१८ मध्ये तिच्यात कोलगेट-पामोलिव्हनं पैसे घातले. लंडनच्या ट्रुफिट अँड हिलची पाटी १८०५ सालची, आणि ती आता मुंबईतही लागली आहे. अशा परदेशी डब्या दीडशे ग्रॅमला दीड हजारापर्यंत जातात. तिथं दाढी पंधरा रुपयांना पडते आणि माझा वरचा सगळा युक्तिवाद कोसळतो. ज्याला तो सुगंधच हवा आहे त्यानं खुशाल घ्यावी, पण दाढी जास्त चांगली होते म्हणून घेतली, असं सांगू नये. नाजूक कातडीच्या माणसाला तर तीव्र सुगंध आणि मेंथॉल उलट बाधतात.

सरकारनं २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला. २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत तो २८ टक्के होता. तेव्हा ट्यूबचा भाव आता आणखी उतरलेला असायला हवा. दुकानदाराकडे जुना माल असेल तर विचारून घ्या.

एक इशारा फक्त डब्यासाठी. पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नये, असं त्याच्यावर लिहिलेलं असतं. परभणीच्या उन्हाळ्यात सावलीतच पारा चव्वेचाळीसला टेकतो. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागं किंवा पत्र्याच्या खोलीतल्या खिडकीत पन्नास व्हायला वेळ लागत नाही. आणि रिकामा वाटला तरी डबा रिकामा नसतो, तळाला वायू उरतो. आपल्याकडे अंगणातला कचरा काडी लावून पेटवतात. त्या ढिगात हा डबा असू नये.

माझा निकाल असा. भाच्यासारख्यानं फोम सोडून तीनशेच्या आतली चांगली क्रीम घ्यावी. दाढीही सुधारेल आणि पैसेही वाचतील. फाट्यावरच्या माणसाला त्याचीही गरज नाही. साधी ट्यूब, शे-दोनशे रुपयांचा कृत्रिम केसांचा ब्रश, जो वर्षानुवर्षं टिकतो, आणि जारचं अर्धी वाटी कोमट पाणी एवढ्यात काम भागतं. फोम प्रवासाला ठेवावा, किंवा लग्नघरात न्हाणीघराबाहेर दहाजण खोळंबलेले असतील तेव्हासाठी. दीड हजाराची डबी कुणी भेट दिली तर नाकारू नका, पण स्वतःच्या खिशातून घेऊ नका.