बारशापूर्वीचा जन्म

म्हाताऱ्या मनुष्याने पुन्हा जन्मावे कसे, हा निकदेमाचा येशूस केलेला प्रश्न वाचला की आम्हांस लक्ष्मीबाई टिळक आठवतात. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो ग्रंथ वाचून, शंका फेडून. बाईंस त्या पाण्यापाशी यावयास आणखी पांच वर्षे लागली. परंतु त्यापूर्वीच, जाती देवाने केल्या की माणसांनी, या विचाराशी एकट्याने झगडून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले होते. आमच्या मते जन्म झाला तो तेव्हा. बाप्तिस्मा हे बारसे! ‘स्मृतिचित्रां’तील हा भाग आम्ही परवा घरांत मोठ्याने वाचला. सर्वांस गहिवर आला. मग चहा झाला, आणि मोलकरणीचा कप नेहमीप्रमाणे खिडकीतल्या कोनाड्यातून निघाला.