तेझेचा आठवडा

वसई

चि. बाय हिस,


तेझे हे फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातले, क्लुनीपासून दहाएक किलोमीटरवरचे टेकडीवरचे खेडे. गाव एवढेसे, की एरवी नकाशात शोधावे लागले असते. पण ईस्टरपासून उन्हाळा सरेपर्यंत दर रविवारी तेथे शेकडो, कधी हजारो तरुण मुले-मुली पाठीवर बोजा घेऊन उतरतात आणि पुढच्या रविवारी परत जातात. त्यांना उतरवून घेणारा समुदाय व्रतस्थांचा आहे आणि त्यात कॅथलिकही आहेत, प्रॉटेस्टंटही. सुमारे तीस देशांतले हे ब्रदर दिवसातून तीनदा एकत्र प्रार्थना करतात. शिक्षण संपलेले, नोकरीचा भरवसा नाही, घरून आलेली श्रद्धा अपुरी पडते आणि टाकवतही नाही, अशा वयातली माणसे येथे का येतात हे समजायचे, तर ही जागा कोणत्या काळात उभी राहिली ते आधी पाहावे लागते.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स हरला होता. उत्तरेत जर्मन लष्कराचा अंमल, दक्षिणेत विशीचे सरकार, आणि मध्ये सीमारेषा. त्या ऑगस्टमध्ये रॉजर शुत्स हा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण जिनिव्हाहून सायकलवर घर शोधत निघाला. वडील कॅल्व्हिनपंथी पाळक, आई फ्रेंच. तरुणपणी क्षयाने त्याला बराच काळ अंथरुणाला खिळवले होते. पहिल्या महायुद्धात त्याच्या आजीने आपल्या घरात निर्वासितांना आसरा दिला होता, ती आठवण त्याच्या मनात पक्की बसली होती. एकत्र प्रार्थना करणारा आणि हाताने कष्ट करून जगणारा छोटा समुदाय उभा करावा, एवढीच कल्पना डोक्यात होती; तीही धूसरच. तेझेत एक घर विकाऊ होते. गावातल्या एका म्हातारीने त्याला जेवू घातले आणि इथेच राहा, आम्ही फार एकटे पडलो आहोत, अशी गळ घातली. सीमारेषा तिथून जवळ होती. रॉजरने घर घेतले आणि पळून येणाऱ्यांना लपवायला सुरुवात केली. त्यांत ज्यू होते. त्यांच्यासमोर आपली प्रार्थना नको, कोणाला अवघडल्यासारखे व्हायला नको, म्हणून तो एकटाच दूर रानात जाऊन गात असे. आपली श्रद्धा पाहुण्याच्या अंगावर न टाकण्याची ही रीत तेझेने पुढेही सोडली नाही.

१९४२ च्या नोव्हेंबरात कोणीतरी चुगली केली. रॉजर तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता. परतणे म्हणजे अटक. दोन वर्षे तो जिनिव्हात राहिला आणि तिथेच त्याला पहिले सोबती मिळाले. १९४४ मध्ये सगळे तेझेला आले. आता आसऱ्याची गरज दुसऱ्याच माणसांना होती: जवळच्या छावण्यांत जर्मन युद्धकैदी होते. ज्या घरात जर्मनांपासून लपणारे राहिले, त्याच घरात दर रविवारी जर्मन कैदी जेवायला आणि प्रार्थनेला येऊ लागले. परिसरातल्या लोकांना ते किती रुचले असेल, याची कल्पना करता येते. रॉजरची बहीण जेनेव्हिव्ह हिने युद्धात अनाथ झालेल्या वीसेक मुलांना आईसारखे वाढवले. १९४९ च्या ईस्टरला सात जणांनी ब्रह्मचर्य, सामायिक जीवन आणि साधेपणा यांची आजन्म व्रते घेतली. प्रॉटेस्टंट जगात मठजीवन सोळाव्या शतकातच मोडीत निघाले होते, त्यामुळे हे अनेकांना विपरीत वाटले. कॅथलिक बंधू पुढे, १९६९ पासून आले.

गावच्या जुन्या रोमनेस्क चर्चमध्ये माणसे मावेनात, तेव्हा १९६२ मध्ये टेकडीवर मोठे चर्च बांधले गेले. ते बांधायला आले जर्मन तरुण. नाझींनी जिथे जिथे छळ केला तिथे प्रायश्चित्त म्हणून काही उभारून द्यायचे, असे व्रत घेतलेल्या एका जर्मन संस्थेने त्यांना पाठवले होते. नाव पडले मेळाचे, समेटाचे चर्च. काँक्रीटची ही इमारत दिसायला काही सुंदर नाही. आणि ती थोड्याच वर्षांत अपुरी पडली. १९६८ ला पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांचा उठाव झाला, जुन्या संस्थांवरचा विश्वास उडाला. चर्चकडे पाठ फिरवणारी पिढी तेझेकडे मात्र येत राहिली. शेवटी १९७० नंतर लवकरच चर्चची पश्चिमेची भिंतच पाडली आणि पुढे तंबू ठोकला. नव्या चर्चची भिंत एवढ्यात पाडायला मन घट्ट लागते. या समुदायाबद्दल ही एक गोष्ट पुष्कळ सांगून जाते.

आता आठवड्याकडे. रविवारी दुपारी पोचल्यावर नाव लिहून घेतात, राहायची जागा दाखवतात (लाकडी बराकी किंवा तंबू, बराकीत एकावर एक खाटा) आणि हातावर एक काम ठेवतात. हे काम आठवडाभर आपले. कोणी संडास-न्हाणीघरे धुते, कोणी पाव वाटते, कोणी चर्चच्या दारात शांततेची पाटी धरून उभे राहते. सर्वांत गजबजलेले काम म्हणजे भांडी. हजारभर माणसांच्या वाडग्यांचा ढीग, वाफाळत्या पाण्याची टाकी, बाह्या सरसावलेली पंधरावीस मुले. पोलंडचा इंजिनीयर, पोर्तुगालची नर्सिंगची विद्यार्थिनी, जर्मनीचा शाळकरी मुलगा. भाषा जुळत नाही, पण गाणे जुळते. जेवण साधे, आणि चमचा एकच: सुरी-काटा नाही, सगळे त्या चमच्यानेच. रस्स्याला चव नाही ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि वसईच्या जिभेला तर ती नक्कीच पटेल.

सकाळी, दुपारी आणि रात्री घंटा वाजल्या की कामे थांबतात. चर्चमध्ये बाकडी फारशी नाहीत. लोक जमिनीवर बसतात. मधल्या पट्ट्यात पांढऱ्या झग्यातले ब्रदर, पुढे भगव्या-केशरी कापडांच्या उंच पताका आणि मेणबत्त्या. प्रवचन नाही. स्तोत्र, बायबलमधला छोटा उतारा, मग आठ-दहा मिनिटांची संपूर्ण शांतता, आणि गाणी. ही गाणी म्हणजे एकदोन ओळी, लॅटिन किंवा कुठल्यातरी युरोपीय भाषेतल्या, पुन्हा पुन्हा म्हणायच्या. ती बरीचशी रचली जाक बेर्तिए या फ्रेंच संगीतकाराने, १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९९४ मध्ये मृत्यू होईपर्यंत. कारण व्यवहारी होते: इतक्या देशांची मुले आठवड्यासाठी येतात, त्यांना लांब भजने शिकवायला वेळ कुठला? दोन ओळी पाचव्या खेपेला तोंडात बसतात, दहाव्या खेपेला शब्दांकडे लक्ष द्यावे लागत नाही. नामस्मरणाच्या देशातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शांतता मात्र पहिल्या दिवशी जड जाते. खोकला, चुळबुळ, कुठेतरी रडणारे तान्हे मूल. बुधवार-गुरुवारपर्यंत तेवढीच आठ मिनिटे कमी वाटू लागतात, असा बहुतेकांचा अनुभव.

सकाळच्या प्रार्थनेनंतर एखादा ब्रदर बायबलच्या एका उताऱ्यावर बोलतो आणि शेवटी दोनतीन प्रश्न देतो. ते प्रश्न घेऊन लहान लहान गट गवतावर बसतात. तेझेच्या आठवड्याचा गाभा बहुधा हाच. गटात कोणी जाणकार नसतो, निष्कर्ष लिहायचा नसतो. कर्ज काढून शिकलेली मुलगी आणि आईवडिलांचा धंदा नको असलेला मुलगा एकमेकांना पहिल्यांदाच भेटलेले असतात, आठवड्याने पुन्हा भेटणार नसतात. म्हणूनच घरी न बोललेले इथे बोलले जाते. कधी गट जमतच नाही, हेही खरे. भाषेची अडचण, कोणीतरी अतिबोलका, कोणी नुसता सुट्टीला आलेला. रात्री दुकान उघडते, तिथे गिटार आणि दंगा चालतो, आणि एकांताच्या ओढीने आलेल्याला तो नकोसा होऊ शकतो. अशांसाठी वेगळी सोय आहे: संपूर्ण आठवडा मौनात काढायचा, रोज एखाद्या ब्रदरशी किंवा धर्मभगिनीशी थोडे बोलायचे. शेजारच्या अमुन्यी गावात १९६६ पासून राहणाऱ्या सेंट अँड्र्यू धर्मभगिनी या कामात सोबत करतात.

शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेनंतर क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात. ज्याला वाटेल तो गुडघ्यांवर सरकत येतो, लाकडावर कपाळ टेकवतो आणि बाजूला होतो. रांग मध्यरात्रीपर्यंत चालते. शनिवारी पुनरुत्थानाची प्रार्थना, हातोहाती पेटत जाणाऱ्या मेणबत्त्या. रोज रात्री काही ब्रदर चर्चच्या कडेला उभे राहतात. ज्याला बोलायचे आहे त्याने त्यांच्याकडे जावे. ते ऐकतात. पुढे काय करावे हे सहसा सांगत नाहीत.

वसई-मुंबईच्या कॅथलिकाला परिचित असलेली तपसाधना निराळ्या मुशीतली आहे. तिचा उगम इग्नेशियस लोयोला यांच्यात. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत त्यांचा पाय तोफगोळ्याने मोडला, पडून राहिल्यावर जगण्याची दिशा बदलली, आणि पुढे मानरेसा येथे प्रार्थनेत काढलेल्या महिन्यांतून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक आकाराला आले. पोपनी त्याला १५४८ मध्ये मान्यता दिली. पूर्ण साधना तीस दिवसांची, प्रचलित लहान रूप आठ दिवसांचे; मौन, ठरलेला ध्यानविषय आणि एक मार्गदर्शक. मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो याच परंपरेतले. त्यांनी पुण्यात सुरू केलेली आणि पुढे लोणावळ्याला गेलेली ‘साधना’ संस्था सर्वश्रुत आहे. इग्नेशियसची रीत निर्णयापर्यंत नेते: हे की ते, आणि का. समोर दोन स्पष्ट वाटा असतील तर तीच अधिक उपयोगी. वाटाच दिसत नसतील, नुसता थकवा आणि गोंधळ असेल, तर तेझे बरे. तिथे आठवडाभर निर्णयाचे ओझे खाली ठेवता येते आणि दिवस मात्र रिकामा राहत नाही.

तेझेचे सदस्यत्व नसते. शाखा नाहीत, चळवळ नाही, घरी गेल्यावर ‘तेझे मंडळ’ काढावे अशी अपेक्षाही नाही. उलट आपापल्या धर्मग्रामात जा, शेजारच्या आजाऱ्याकडे जा, असेच सांगतात. ब्रदर स्वतःसाठी देणग्या घेत नाहीत. मातीची भांडी, पुस्तके आणि इतर कामांवर त्यांचा संसार चालतो. वारशाने आलेली मालमत्तासुद्धा ते गरिबांना देऊन टाकतात. पाहुण्यांकडून जेवणाखाण्याचा खर्च घेतात, तो वयानुसार आणि देशानुसार कमीजास्त. १९७८ पासून वर्षाखेरीस युरोपातल्या एखाद्या मोठ्या शहरात मेळावा भरतो आणि मुले स्थानिक कुटुंबांत उतरतात. बर्लिनची भिंत पडल्यानंतर काही आठवड्यांतच १९८९ चा मेळावा पोलंडमधल्या व्रोत्सवाफला झाला. पूर्व युरोपातली मुले त्यानंतर मोकळेपणाने टेकडीवर येऊ लागली: कालपर्यंतच्या व्यवस्थेचा आधार गेला होता, नवी अजून अंगवळणी पडायची होती. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे टेकडी रिकामी झाली. ब्रदर लहान लहान घरांत विभागून राहिले आणि रात्रीची प्रार्थना इंटरनेटवरून दाखवू लागले. त्यानंतर परतलेल्या मुलांच्या बोलण्यात एकटेपणाचा विषय पुष्कळ असतो, यात नवल नाही.

या जागेच्या इतिहासात काळे दिवसही आहेत आणि जाणाऱ्याला ते ठाऊक असावेत. १६ ऑगस्ट २००५ रोजी रात्रीच्या प्रार्थनेत, अडीच हजार लोकांदेखत, एका मनोरुग्ण स्त्रीने नव्वद वर्षांच्या ब्रदर रॉजरना भोसकून मारले. त्यांनी आधीच नेमलेले ब्रदर अलोइस पुढे आले आणि अंत्यविधीत त्या स्त्रीसाठीही क्षमा मागण्यात आली. २०१९ मध्ये समुदायाने स्वतःच जाहीर केले, की १९५० ते १९८० च्या दशकांत काही ब्रदरांनी तरुणांवर लैंगिक अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या आहेत. त्या अधिकाऱ्यांकडे सोपवल्या. विश्वास हाच ज्या जागेचा पाया, तिथे हा घाव खोल. लपवले नाही ही जमेची बाजू. पण फार उशिरा बोलले गेले, हेही नाकारता येत नाही. २०२३ च्या अखेरीस इंग्लंडचे ब्रदर मॅथ्यू प्रमुख झाले. ते अँग्लिकन आहेत.

भारताशी धागा जुना. १९७६ मध्ये ब्रदर रॉजर काही तरुणांसह कोलकात्याच्या गरीब वस्तीत राहिले आणि मदर तेरेसांच्या आश्रमांत काम केले. दोघांनी मिळून पुस्तकेही लिहिली. काही ब्रदर बांगलादेशात मयमनसिंग येथे राहतात. मुंबईतही तेझे पद्धतीची प्रार्थना अधूनमधून होते. ती आधी एकदा करून पाहिली, तर एवढा प्रवास करावा की नाही हे ठरवणे सोपे जाईल.

जायचेच ठरले तर उन्हाळ्याची गर्दी टाळलेली बरी. सप्टेंबरनंतर माणसे कमी आणि ब्रदरांना वेळ अधिक. नावनोंदणी आधी करावी लागते आणि शेंगेन व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा तीन-चार महिने हाताशी ठेवावेत. ल्याँ किंवा पॅरिसहून आगगाडीने माकाँ अथवा शालाँपर्यंत, तिथून बस. झोपायची पिशवी आपली न्यावी लागते, टॉर्च लागतो, आणि टेकडीवर ऑक्टोबरात थंडी वसईकरांना सोसणार नाही इतकी असते. आईकडून लोकरीचे दोन स्वेटर मागून घे.

तुझा,
मामा