पाण्याचा हिशेब

माझ्या गावाला नदी आहे असे परगावी कुणाला सांगितले, की ऐकणारा माझ्याकडे जरा संशयाने पाहतो. जालना जिल्हा आणि नदी! त्याने वर्तमानपत्रात टँकरपुढची घागरींची रांग पाहिलेली असते. पण नदी आहे, आणि तीही साधीसुधी नव्हे, प्रत्यक्ष गोदावरी. आम्ही तिला गंगा म्हणतो. 'गंगंला जाऊन येतो' म्हणजे काशीयात्रा नव्हे. अर्ध्या कोसावर म्हशी धुवायला. तिच्या काठच्या काळ्या पट्ट्याला गंगथडी म्हणतात. पलीकडे बीड जिल्हा, अलीकडे आम्ही. गावाचे नाव सांगून उपयोग नाही. शहागडच्या पुलावरून रोज शेकडो मोटारी जातात. त्यांतल्या माणसांनाही ते ठाऊक नसते. शे-दीडशे उंबरे, एक मारुती, एक पार आणि गावाभोवती मोसंबीच्या बागा.

आमच्याच घनसावंगी तालुक्यात जांब आहे. तिथे १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. लग्नाच्या बोहल्यावरून ते पळाले आणि पुढे नाशकाला गेले, अशी कथा आहे. घर सोडून गेलेला आमच्या भागातला पहिला नावाजलेला मुलगा तोच. त्यानंतर गेलेल्यांची नोंद कुणी ठेवलेली नाही. त्यांत माझा धाकटा भाऊही आहे. तो पुण्याला असतो. मी राहिलो. जुन्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिक. तेवढ्या भांडवलावर वस्तीशाळेवर मास्तर झालो आणि रात्री जागून दोन कादंबऱ्या लिहिल्या. गावात त्या कुणी वाचल्या नाहीत, त्यामुळे माझी गावातली अब्रू शाबूत आहे.

मोसंबी मूळची परदेशी. मोझांबिकवरून तिचे नाव पडले असे म्हणतात. पण आमच्या मातीत ती अशी रुजली, की २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. मला त्या कागदापेक्षा तिचा स्वभाव जास्त महत्त्वाचा वाटतो. या झाडाला फुलवायचे तर आधी त्याला तहानेने व्याकूळ करावे लागते. याला 'ताण देणे' म्हणतात. आंबे बहार धरायचा असला म्हणजे फळे उतरल्यावर, मार्गशीर्षाच्या सुमारास पाणी तोडायचे. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, गळू लागतात. नवखा माणूस घाबरून मोटार सुरू करील. जाणता माणूस थांबतो. आणि मग एका दिवशी पहिले पाणी द्यायचे, तेही हलके. त्यानंतर काही दिवसांत सारी बाग पांढऱ्या कळ्यांनी भरते. त्या वासाने रात्री झोप मोडते, असे मी सांगितले तर तुम्ही म्हणाल, कादंबरीकार बोलतो आहे. पण मोडते खरी.

तो दिवस कोणता, हे कुठल्याच पंचांगात नसते. आमच्या घरी ते अण्णा ठरवीत. पान हाताच्या मुठीत धरायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून चार दिस." मी लहानपणी त्यांच्यासारखीच पाने मुठीत धरून पाहत असे. मला फक्त पान लागे.

आमची बाग दोनशे साठ झाडांची. १९९६ साली अण्णांनी ती लावली. पाण्याची तशी धास्ती नव्हती. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला, १९७६ साली ते पुरे झाले, आणि त्याचा डावा कालवा दोनशे आठ किलोमीटर चालत आमच्याच मुलखातून परभणीकडे जातो. कालव्याला पाणी आले की विहिरी भरत. २००६ साली तर पाणी इतके झाले, की गंगाच गावात आली आणि मारुती छातीइतक्या पाण्यात उभा राहिला. सहा वर्षांनी तिच्या पात्रात पोरे क्रिकेट खेळत होती.

२०१२ चा पावसाळा कोरडा गेला. जायकवाडी मृतसाठ्यावर आले, कालवा गप्प पडला. त्या वर्षी ताण आम्ही दिला नाही. वरूनच आला, आणि तो तोडणारे कुणी नव्हते. माघात विहिरीने तळ दाखवला. फाल्गुन लागायच्या सुमारास एका संध्याकाळी अण्णा ओसरीत येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, हिशेब करा."

ते मला मास्तर म्हणाले, की समजावे, आता ते बाप म्हणून बोलत नाहीत.

मी हिशेब केला. शाळेतल्या पोरांना घालतो त्या उदाहरणासारखाच. एका झाडाला चौथ्या दिवशी शंभर लिटर. त्याहून कमी पाण्यात जीव राहणार नाही. दोनशे साठ झाडांना सव्वीस हजार. दहा हजारांचे टँकर तीन, शेवटचा अर्धा रिकामा, पण पैसे पुऱ्याचे. मृगापर्यंत शंभर दिवस, म्हणजे पंचवीस पाळ्या. पाऊणशे टँकर. एका टँकरला दोन हजार. दीड लाख रुपये, आणि त्या वर्षी हाती एक फळ नाही. शिवाय मृग चुकला तर? हे मी सारे वाचून दाखवले. आवाज शाळेतलाच लागला होता. अण्णा ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "बरोबर हाये." माय चुलीपाशी होती. ती काही बोलली नाही; पण त्या रात्री भाकरी करपल्या.

करवतीवाले दोन दिवसांत आले. पहिले झाड पडले तेव्हा मी जवळच होतो. अण्णा खाली बसले, बुंध्याच्या कापावर त्यांनी तळवा टेकला, आणि तो तळवा उचलून स्वतःशीच पाहिला. मीही हात लावला. काप ओला होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. करवतीवाल्याला म्हणाले, "चालू द्या." फक्त घराकडच्या ओळीतली अकरा झाडे राखायला सांगितली. त्यांना मायने भांडी धुतलेले, तांदूळ धुतलेले, अंघोळीचे असे पाणी घालून जगवले.

त्या साली मृग वेळेवर आला. जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच नांगरलेल्या रानात चिखल झाला. माझे शंभर दिवस बरोबर निघाले.

शेजारच्या मळ्यातल्या काकांनी घरातले सोने मोडून टँकर घातले होते. त्यांची बाग तगली. दोन वर्षे मी त्यांच्या बांधावरून जायचे टाळले. मग २०१४ आणि २०१५ ही लागोपाठची वर्षे पावसाने हात आखडला, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांचीही बाग गेली. सोने गेले, झाडेही गेली. म्हणजे माझा हिशेब खरा ठरला. तसे मी एकदा अण्णांना सुचवून पाहिले. ते म्हणाले, "त्यान्ला तीन वर्सं सावली भेटली की." हा रकाना मी मांडलाच नव्हता.

बागेच्या जागी आता ऊस आहे. कादंबरी असती तर एखाद्या बुंध्याला मी पालवी फोडली असती. तसे काही झाले नाही. बुंधे खणून चुलीत गेले, आणि मोसंबीचे लाकूड छान जळते.

अकरा झाडे मात्र आहेत. दिवाळीच्या सुमारास त्यांची फळे पिवळसर होतात. फराळाच्या ताटात चिवड्याशेजारी एकेक फोड ठेवायची पद्धत मायने पाडली आहे. पुण्याचा भाऊ येतो, पोरे साले एकमेकांच्या डोळ्यांत पिळतात, रडारड होते, आणि मग दिवाळी आली असे वाटते.

गेल्या पौषात अण्णांनी मला हाक मारली. त्यांच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही. पाने गळू लागली होती. म्हणाले, "पाहा बरं मास्तर, द्यायचं का पाणी?"

मी एक पान तोडले, मुठीत धरले. डोळे मिटले. कोमट, चामड्यासारखे पान. बराच वेळ उभा राहिलो.

"द्यावं आज," मी म्हणालो.

त्यांनी माझी मूठ उघडून पान आपल्या हातात घेतले. "अजून चार दिस," ते म्हणाले, आणि कुंपणाला टेकवलेले खोरे उचलून ओसरीत नेऊन ठेवले.